मिलिटरी कॅन्टीनमध्ये वस्तू स्वस्त का मिळतात?



"तुमचं काय बाबा, तुम्हाला सगळं फुकटात मिळतं!" हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेल. ज्या घरातला मुलगा फौजेत आहे, त्या घराला हे ऐकून घ्यावंच लागतं. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात तर अशी घरं गावोगाव आहेत. सातारा जिल्ह्यातल्या एका गावाचं तर नावच अपशिंगे मिलिटरी. फौजी रजेवर आला की त्याच्या ट्रंकेतून साबण, तेल, चहापत्ती, बिस्किटं बाहेर निघतात, आणि शेजारीपाजारी विचारतात, "कॅन्टीनचं का?"

आता हे फुकट म्हणजे नेमकं किती फुकट? पैसे कोण सोडतं? दुकान कोण चालवतं? आज आपण याची माहिती पाहू. यात शेकडेवारीचं थोडं गणितही येणार आहे, घाबरू नका.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मुलांना कॅन्टीन म्हटलं की समोसा आणि चहा आठवतो. मिलिटरी कॅन्टीन म्हणजे वाणसामानाचं आणि घरगुती वस्तूंचं दुकान. ब्रिटिश काळात छावणीत शिपायांसाठी चहा-नाश्ता, साबण, विडीकाडी विकणारी जागा असायची, तिला कॅन्टीन म्हणत. काम बदललं, नाव तेच राहिलं. तेव्हा ही दुकानं खासगी ठेकेदारांच्या हातात असायची. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, सरकारने हे काम ठेकेदारांकडून काढून 'कॅन्टीन सर्व्हिसेस' नावाच्या व्यवस्थेकडे दिलं. देश स्वतंत्र झाल्यावर १ जानेवारी १९४८ पासून आजचा कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट, म्हणजे सीएसडी, सुरू झाला. १९७७ पासून त्याचा पैसा भारताच्या संचित निधीशी जोडला गेला. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन दुकानं, दोन मालक

बहुतेक लोकांचा गोंधळ इथेच होतो. आपण ज्याला कॅन्टीन म्हणतो त्यामागे दोन वेगळ्या व्यवस्था आहेत.

पहिली सीएसडी. ही संरक्षण मंत्रालयाच्या हाताखालची घाऊक व्यापारी संस्था समजा. तिचं मुख्य कार्यालय मुंबईत महर्षी कर्वे रस्त्यावर आहे. कंपन्यांकडून माल घ्यायचा, दर ठरवायचे आणि देशभरच्या ३४ एरिया डेपोंमधून तो पुढे पाठवायचा, हे तिचं काम. त्यातला एक डेपो आपल्या पुण्यात खडकीला आहे. सीएसडीचे कर्मचारी केंद्र सरकारचे नोकर असतात.

दुसरी यूआरसी, म्हणजे युनिट रन कॅन्टीन. तुमच्या ओळखीचे माजी सैनिक पिशवी घेऊन जिथे रांग लावतात ते हे दुकान. ते सीएसडी चालवत नाही, पलटण किंवा स्टेशन चालवतं. कमांडिंग ऑफिसरच्या देखरेखीखाली एक कॅन्टीन ऑफिसर असतो, त्याच्या हाताखाली जेसीओ, आणि काउंटरवर बऱ्याचदा निवृत्त जवान किंवा जवानांच्या घरातल्या बायका काम करतात. अशी कॅन्टीनं देशभरात सुमारे चार हजार आहेत आणि त्यांवर एक कोटीपेक्षा जास्त माणसं अवलंबून आहेत: नोकरीतले जवान, पेन्शनर, वीरपत्नी आणि या सगळ्यांची कुटुंबं.

म्हणजे गावातला किराणा दुकानदार तालुक्याच्या होलसेलरकडून माल भरतो ना, तसंच हे. यूआरसी मागणीपत्र देते, पैसे भरते, डेपोतून गाडी भरून माल आणते आणि विकते. माल संपला की नवीन खेप येईपर्यंत थांबा. "आज तेल नाही आलं" हे वाक्य त्या रांगेत नेहमीचंच.

स्वस्ताईचं गणित

रेशन दुकानात धान्य स्वस्त मिळतं, कारण सरकार ते महाग घेतं आणि कमी दरात किंवा मोफत देतं. मधला खर्च सरकार सोसतं. कॅन्टीनमध्ये असं होत नाही. इथे वस्तूची किंमत सरकार भरत नाही. स्वस्ताई दोन ठिकाणांहून येते: नफा कमी घेतला जातो आणि कर अर्धा सोडला जातो.

नफ्याचं आधी. बाजारात कंपनीपासून आपल्या घरापर्यंत वस्तू येताना वितरक, घाऊक व्यापारी, किरकोळ दुकानदार असे हात लागतात, आणि प्रत्येक हात आपला वाटा ठेवतो. जाहिरातीचे फलक, दुकानाचं भाडं, दिव्यांचा झगमगाट हे सगळं शेवटी गिऱ्हाईकच भरतं. कॅन्टीनच्या वाटेवर दोनच हात, सीएसडी आणि यूआरसी, आणि दोघांचाही नफा थोडा. शिवाय एवढी मोठी ठोक खरेदी असल्याने कंपनीलाही दर कमी द्यावा लागतो.

आता कर. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा ठरलं की सीएसडीने खरेदीवर जो जीएसटी भरला असेल त्यातला निम्मा तिला परत मिळेल. आणि पुढे सीएसडीने यूआरसीला किंवा यूआरसीने जवानाला माल विकला तर त्या विक्रीवर जीएसटी लागणार नाही.

पाटी-पेन्सिल घ्या. समजा, एका वस्तूचा कारखान्यातला भाव १०० रुपये आहे आणि तिच्यावर जीएसटी १८ टक्के आहे. नफ्याचे आकडे मी सोयीसाठी धरलेत, खरे दर वस्तूप्रमाणे बदलतात.

बाजारात मधल्या सगळ्यांचा नफा मिळून १५ रुपये धरू. किंमत झाली ११५. त्यावर १८ टक्के कर २० रुपये ७० पैसे. तुम्हाला वस्तू पडली १३५ रुपये ७० पैशांना.

कॅन्टीनमध्ये सीएसडीने १०० रुपयांवर १८ रुपये कर भरला. त्यातले ९ परत मिळाले. उरले १०९. सीएसडी आणि यूआरसीचा मिळून नफा ५ रुपये धरा. जवानाला वस्तू पडली ११४ रुपयांना.

फरक २१ रुपये ७० पैसे. यातले १० रुपये कमी नफ्यामुळे वाचले आणि ११ रुपये ७० पैसे करामुळे. जवानाने ११४ रुपये खिशातूनच दिलेत, त्यातले ९ रुपये तर करच आहे. तेव्हा 'फुकट' म्हणणाऱ्याला हे गणित दाखवायला हरकत नाही.

याच गणितात अलीकडे एक गंमत झाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल अशा रोजच्या वस्तूंवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. आता वरचंच उदाहरण ५ टक्क्यांनी करून बघा. बाजारभाव येतो १२० रुपये ७५ पैसे, कॅन्टीनचा १०७ रुपये ५० पैसे. वस्तू दोन्हीकडे स्वस्त झाली, पण फरक १३ रुपये २५ पैशांवर आला. त्यातला करामुळे येणारा फरक तर फक्त ३ रुपये २५ पैसे! ज्या माणसाला तालुक्याच्या गावातून एसटीने जिल्ह्याच्या कॅन्टीनपर्यंत जायचं आहे, तो आता तिकिटाचा हिशेब करणारच. सूट कराच्या टक्क्यावर उभी असेल तर कर उतरला की सूटही उतरते. मुलांना शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या.

पुण्यात बसून एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. मद्यासारख्या काही वस्तू सोडल्या तर सीएसडीचे दर देशभर सारखे असतात. पुण्यात जो साबणाचा दर, तोच लेहमध्ये. तिथे बर्फामुळे रस्ते कित्येक महिने अडतात, बाजारात वस्तू पोचणं हेच कठीण. पुण्यातल्या कुटुंबासाठी कॅन्टीन ही बचत आहे. लडाख किंवा अंदमानात राहणाऱ्या जवानाच्या कुटुंबासाठी ते कितीतरी वेळा भरवशाचं एकमेव दुकान असतं. या सगळ्या खटाटोपाचं खरं कारण मला तरी तिथे दिसतं.

कार्ड, मर्यादा आणि शेजारधर्म

कॅन्टीनमध्ये कोणीही जाऊन सामान घेऊ शकत नाही. स्मार्ट कार्ड लागतं. किराण्याचा हिशेब वेगळा, मद्याचा वेगळा, आणि दोन्हींना मर्यादा आहे. महिन्याला किती रुपयांचं सामान घेता येईल हे हुद्द्यानुसार ठरतं. मद्याबद्दल इथे एवढंच सांगतो की त्यावर जीएसटी नसून राज्याचं उत्पादन शुल्क असतं, म्हणून त्याचे दर राज्याराज्यात वेगळे. फ्रीज, एसी, मोटरसायकल, कार या मोठ्या वस्तू दुकानात मांडलेल्या नसतात. त्या आधी मागणी नोंदवून घ्याव्या लागतात, आणि जानेवारी २०२१ पासून त्यासाठी ऑनलाइन पोर्टल आहे.

मर्यादा कशासाठी? कारण सोपं आहे. वरच्या उदाहरणात सरकारने ९ रुपये सोडले ते जवानाच्या घरासाठी. तेच सामान कोणी चार पैसे जास्त घेऊन गावात विकलं तर ते ९ रुपये भलत्याच्याच खिशात गेले. आणि ज्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराने पूर्ण कर भरून माल ठेवलाय, त्याचं गिऱ्हाईक फुटलं. म्हणून कॅन्टीनचा माल पुन्हा विकायला मनाई आहे.

पण गावात हा प्रश्न नियमाचा राहत नाही, नात्याचा होतो. "दादा, तुमच्या कार्डावर एक मिक्सर काढून द्या की" असं सख्ख्या मेव्हण्याने म्हटलं तर नाही म्हणणं किती अवघड! आणि हो म्हटलं तर महिन्याची मर्यादा त्यातच संपते, मग घरचं तेल-साबण बाजारातून. तुमच्या नात्यात कोणी फौजी असेल तर त्यांना या पेचात न टाकलेलं बरं, असं माझं मत आहे.

काउंटरच्या पलीकडची माणसं

यूआरसीला जो थोडा नफा होतो, शिवाय खरेदीच्या प्रमाणात सीएसडीकडून जी रक्कम परत मिळते, ती पलटणीच्या कल्याणकामासाठी वापरली जाते. ऐकायला छान आहे. पण या रचनेतून एक अवघड प्रश्न निघतो. काउंटरवर उभा राहून दिवसभर बिलं करणारा माणूस कोणाचा नोकर?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००१ मध्ये निकाल आला की यूआरसीचे कर्मचारी सरकारी नोकर आहेत. पुढे २००९ मध्ये मोठ्या पीठाने तो निकाल फिरवला. कारण? मघाशी सांगितलेला संचित निधी. सीएसडीचा पैसा त्या निधीशी जोडलेला आहे, यूआरसी मात्र पलटणीच्या स्वतःच्या फंडातून चालते, म्हणून तिचे कर्मचारी सरकारी नोकर नाहीत. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेल. पण एकाच साबणाच्या वडीला डेपोत हात लावणारा सरकारी नोकर, आणि तीच वडी काउंटरवर देणारा नाही, हे मनाला पटायला जड जातं.

अमेरिकेत अशा दुकानांना कमिसरी म्हणतात. तिथे वस्तू खरेदीच्या भावाला धरून विकतात आणि बिलावर ५ टक्के अधिभार लावतात. तो पैसा दुकानं बांधायला आणि दुरुस्तीला जातो. भाजी आणि ताजं मांसही तिथे मिळतं. आणि तिथला दुकानातला कर्मचारी सरकारी नोकर असतो. मात्र सामान पिशव्यांत भरून गाडीपर्यंत नेणारी माणसं पगारावर नसतात, फक्त गिऱ्हाइकाच्या बक्षिसीवर काम करतात. म्हणजे शेवटचा माणूस तिथेही बाहेरच राहिला.

आता आपल्याकडचा पुढचा प्रश्न अग्निवीरांचा आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. तिच्या नियमांनुसार नोकरीच्या चार वर्षांत अग्निवीराला कॅन्टीनची सोय मिळते. चार वर्षांनी प्रत्येक तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतील. बाकीचे घरी परततील तेव्हा त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नसेल, आणि त्यामुळे कॅन्टीनचं कार्डही नसेल. आतापर्यंत गावात फौजेतून आलेला प्रत्येक जण महिन्याच्या एखाद्या दिवशी पिशवी घेऊन जिल्ह्याच्या गाडीला बसलेला दिसायचा. यापुढे एकाच आळीतल्या दोन फौजी घरांपैकी एकाकडे कार्ड असेल, दुसऱ्याकडे नसेल.