पडद्यावरचे मुष्टियुद्ध हाती येते तेव्हा

१९७६ साली रुपेरी पडद्यावर फिलाडेल्फियाच्या रस्त्यांवरून धावत अजरामर झालेला मुष्टियोद्धा रॉकी बाल्बोआ, युबिसॉफ्टने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘रॉकी लेजेंड्स’ या व्हिडिओ गेममध्ये खेळणाऱ्याच्या स्वाधीन होतो. आणि केवळ तोच नव्हे, तर अपोलो क्रीड, क्लबर लँग व इव्हान ड्रॅगो हे त्याचे मातबर प्रतिस्पर्धीही आपापली कारकीर्द घेऊन रिंगणात उतरतात, हे या खेळाचे खरे वैशिष्ट्य. चित्रपटात ज्याच्या पराभवाची आपण उत्कंठेने वाट पाहिली, त्याच ड्रॅगोच्या बाजूने लढताना मनाचा कौल नकळत कसा फिरतो, हे अनुभवण्याजोगे आहे. लढतींच्या दरम्यान तालीम असतेच. नुसता बटणांचा भडिमार करणाऱ्याची मात्र येथे डाळ शिजत नाही. बचावाचे हात वर ठेवून, प्रतिपक्षाचा ठोसा हुकताच नेमका प्रहार करणाराच अखेरच्या फेरीपर्यंत तग धरतो.