एसटी गेली, ट्रेन आली!

सहलीला एसटीच्या मागच्या सीटवर गाणी कोण म्हणत नाही? २००४ च्या ‘नवरा माझा नवसाचा’ने हेच तर पकडलं: नवस, गणपतीपुळे आणि गाणारे प्रवासी. २० वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये सचिन पिळगांवकरांनी दुसरा भाग आणला. या वेळी थेट कोकण रेल्वे! कंडक्टर अशोक सराफ टीसी झाले. सोबतीला स्वप्निल जोशी, हेमल इंगळे. गर्दी झाली, तरी ‘पहिल्याची सर नाही’ म्हणणारेही भेटतातच.

खरं सांगू? मला आपली बंद पडलेली यवतमाळ-मूर्तिजापूर ‘शकुंतला’च आठवली. वर्ध्याहून नवी रेल्वे कळंबपर्यंत आलीय. ती यवतमाळात शिरेल, तोच आपला पार्ट टू. तोवर मागची सीट पकडा, गाणी चालू ठेवा!