मासेमारी नौकेच्या डिझेल इंजिनातील विद्युत दोष : निदानाची शास्त्रीय पद्धती

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील ससून डॉक, हर्णै, मिरकरवाडा आदी बंदरांतून समुद्रात जाणाऱ्या यांत्रिक नौका प्रामुख्याने डिझेल इंजिनावर चालतात. या इंजिनात इंधन ठिणगीने पेटत नाही. दाबामुळे तापलेल्या हवेत ते आपोआप पेट घेते. त्यामुळे डिझेल इंजिनाचा विजेशी फारसा संबंध नाही, असा समज आढळतो. वस्तुतः इंजिन सुरू करणे, काही इंजिनांत ते बंद करणे, बॅटरी भारित ठेवणे आणि तेलाचा दाब व तापमान यांविषयी इशारा देणे ही सर्व कामे विजेवर अवलंबून असतात. १ जून ते ३१ जुलै या पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात नौका दमट, खाऱ्या हवेत उभ्या राहतात आणि विद्युत जोडण्यांवर क्षार साचतात. धक्क्यावर इंजिन सुरू न झाल्यास दिवस वाया जातो. भर समुद्रात तेच घडल्यास खलाशांच्या जिवावर बेतू शकते. अशा दोषांचे निदान सुटे भाग बदलून पाहण्याऐवजी मापनाने कसे करता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. दोषाचे मूळ : संपर्करोध

इंजिन फिरवणारा स्टार्टर, ज्याला व्यवहारात ‘सेल्फ’ म्हणतात, काही सेकंदांसाठी मोठा विद्युतप्रवाह घेतो. तो २०० अँपिअर मानला आणि बॅटरीच्या गंजलेल्या टर्मिनलचा रोध केवळ ०.०१ ओहम असला, तरी ओहमच्या नियमानुसार त्या एका जोडणीवर २ व्होल्ट खर्ची पडतात. १२ व्होल्टच्या मंडलात ही हानी सेल्फला दुबळे करण्यास पुरेशी आहे. त्याच जोडणीवर ४०० वॅट दराने ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणूनच सदोष टर्मिनल हाताला गरम लागते.

येथेच सर्वसामान्य फसगत होते. सेल्फ फिरत नसताना मल्टिमीटर लावल्यास मंडलातून प्रवाह जवळजवळ वाहत नाही. परिणामी गंजलेल्या जोडणीपलीकडेही १२.६ व्होल्ट दिसतात आणि तारा निर्दोष भासतात. दोष उघड होतो तो भाराखाली, म्हणजे सेल्फ चालू असतानाच. त्यामुळे मापनही त्याच वेळी करावे लागते.

२. निदानाचा क्रम

प्रथम बॅटरी तपासावी. काही तास स्वस्थ असलेल्या, पूर्ण भारित १२ व्होल्ट शिसे-आम्ल बॅटरीचे विभवांतर सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट असते, १२.२ च्या आसपास ती निम्मी रिकामी झालेली असते. सेल्फ फिरताना हे विभवांतर साडेनऊ व्होल्टच्या खाली घसरल्यास बॅटरी दुर्बल झाली आहे किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर प्रवाह घेत आहे, असे समजावे.

बॅटरी टिकून राहत असेल, तर दुसरी पायरी तारांची. मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खांबावर व दुसरे सेल्फच्या मोठ्या टर्मिनलवर ठेवून सेल्फ फिरवावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक वाचन आल्यास दोष त्याच मार्गात आहे. मग एकेक जोडणी तपासत गेल्यास नेमकी जागा सापडते. हीच चाचणी बॅटरीचा ऋण खांब व इंजिनाचा धातूचा सांगाडा यांच्यामध्ये करणे तितकेच आवश्यक आहे. अर्थिंगची तार बिलजाच्या पाण्याजवळ असल्याने ती लवकर गंजते आणि तिच्याकडेच दुर्लक्ष होते.

चावी फिरवल्यावर नुसता ‘टक’ आवाज येत असेल, तर सोलेनॉइडपर्यंत वीज पोहोचते, पण सेल्फला पुरेसा प्रवाह मिळत नाही, अशी शक्यता अधिक. आवाजच नसेल, तर फ्यूज, चावीचा स्विच व बारीक तारांचे मंडल तपासावे. सेल्फ जोमाने फिरूनही इंजिन पेटत नसेल, तर इंधनपुरवठा तपासताना तेल बंद करणारे सोलेनॉइड विसरू नये. काही इंजिनांत वीज मिळाल्यावरच ते तेलाचा मार्ग खुला करते. अशा ठिकाणी एक सैल तारही इंजिन बंद पाडू शकते.

३. बॅटरी भारित होणे

इंजिन चालू असताना बॅटरीच्या खांबांवर साधारणपणे १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळावेत. वाचन १२.५ च्या आसपासच राहिल्यास प्रथम पट्ट्याचा ताण पाहावा. चावी लावताच पेटणारा इशारादिवाही तपासावा. अनेक अल्टरनेटरांना प्रारंभिक उत्तेजन या दिव्यातूनच मिळत असल्याने दिवा जळाल्यास अल्टरनेटर निकामी झाल्यासारखा भासतो.

४. सुरक्षितता

बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. त्यामुळे पेटती विडी वा ठिणगी जवळ नसावी. तारा काढताना ऋण टोक आधी सोडावे. इंजिन चालू असताना बॅटरीचा मुख्य स्विच बंद केल्यास अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात. ज्या नौकांत थंडाव्याचे समुद्रजल धुरांड्याच्या नळीत सोडले जाते, तेथे इंजिन न पेटता सेल्फ दीर्घकाळ फिरवल्यास पाणी साचून सिलिंडरमध्ये शिरू शकते. चाचणीपुरता समुद्रजलाचा कॉक बंद ठेवावा व इंजिन पेटताच तो न विसरता उघडावा.

समारोप

नौकेवरील विद्युत दोष गूढ वाटले, तरी त्यांतील अनेकांचे कारण एखाद्या जोडणीतील अल्प रोध हेच असते. एक साधा मल्टिमीटर आणि मापनाचा निश्चित क्रम यांच्या साह्याने तांडेल वा इंजिनचालक ते स्वतः शोधू शकतो. किनारी भागातील महाविद्यालयांत ओहमचा नियम शिकवताना रोधपेटीच्या जोडीला गंजलेले टर्मिनल प्रयोगमेजावर आले, तर नियमाचे आकलन दृढ होईल आणि मच्छीमार कुटुंबांतील विद्यार्थ्यांच्या हाती समुद्रावर उपयोगी पडणारे ज्ञान येईल.