वाटीचं वजन किती?

बारामती-इंदापूर पट्ट्यात ज्याच्या दावणीला गाय आहे, त्याला एक हिशेब पक्का ठाऊक असतो : लिटर म्हणजे किलो नव्हे. गायीचं एक लिटर दूध साधारण 1 किलो 30 ग्रॅम भरतं. शंभर लिटर दूध काट्यावर 103 किलो होतं. दर किलोचा आणि मोजणी लिटरची, असा घोळ झाला तर तीन किलो दूध हिशेबातून गळतं. त्यामुळे इथल्या एमआयडीसीतल्या दूध प्रकल्पांपासून गावच्या संकलन केंद्रापर्यंत सगळीकडे हा फरक धरावाच लागतो.

स्वयंपाकघरात मात्र आपण तो सहज विसरतो. एमआयडीसीत नोकरीसाठी आलेल्या कितीतरी जोडप्यांच्या ओट्यावर हा गोंधळ रोजचा आहे. आई फोनवर ‘दोन वाट्या’ सांगते, मोबाइलवरची पाककृती ‘250 ग्रॅम’ म्हणते. आणि वाटी तरी कुणाची? एका घरात 150 मिलीची, दुसऱ्या घरात 200 ची.

150 मिलीच्या वाटीत पाणी 150 ग्रॅम मावतं, साखर सव्वाशेच्या आसपास, तर चाळलेली कणीक जेमतेम 75 ते 80 ग्रॅम. तीच कणीक दाबून भरली की वीसेक ग्रॅम सहज वाढतात. शीग लावली तर आणखी. म्हणून मैदा, बेसन, कणीक यांच्या बाबतीत छापील तक्त्यावर फार विसंबू नये. तक्ता करणाऱ्याने पीठ कसं भरलं, ते आपल्याला दिसत नाही.

खरी फसगत होते ती ‘समभाग’ या सूचनेत. मोदकाच्या उकडीला वाटीभर पिठीला वाटीभर पाणी घेतात. पिठीची ती वाटी वजनाला शंभर ग्रॅमच्या आतबाहेर, पाणी मात्र दीडशे. कुणी काटा काढून शंभर ग्रॅम पिठीला शंभर ग्रॅम पाणी घेतलं, तर उकड कोरडी होणार आणि मोदकाच्या पाऱ्या फाटणार. पुरणाचंही तेच. चिरलेला गूळ वाटीत पोकळ बसतो, डाळ घट्ट बसते. त्यामुळे किलोला किलो केलेलं पुरण वाटीला वाटी केलेल्या पुरणापेक्षा गोड होतं. घरची पद्धत वाटीची असेल तर ती वाटीनेच करावी, हे माझं ठाम मत.

तेल दुधाच्या उलट. लिटरभर तेल 910 ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि तापलं की फुगतं. सोयाबीन तेलाचा लिटर 21 अंशांना सुमारे 919 ग्रॅम, तर 60 अंशांना 893 च्या जवळपास. पिशवीवर जास्त तापमान छापून कमी तेल भरता यायचं, म्हणूनच 2022 मध्ये केंद्र सरकारने तापमानाचा उल्लेख काढून लिटरसोबत योग्य वजन छापायला कंपन्यांना सांगितलं.

आपल्या आज्या-पणज्यांकडे निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, पायली अशी मापांची उतरंडच होती, प्रत्येक माप आधीच्याच्या पटीत. 1956 च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली आणि ही जुनी मापं बाजारातून हळूहळू गेली. पण त्या बायका ठरलेलं एकच माप वर्षानुवर्षं वापरत, आणि तिथेच त्यांचं गणित पक्कं होतं.

तुम्हीही रोजची एक वाटी ठरवा. तिच्यात कणीक, तांदूळ, रवा, साखर, गूळ नेहमीच्या हाताने भरून एकदाच काट्यावर तोला, आणि आकड्यांचा तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. दुसऱ्या कुठल्याही तक्त्यापेक्षा तो तुमच्या घरात जास्त उपयोगी पडेल.