टायरचे संरक्षण : घ्यावे की न घ्यावे?

गेल्या पावसाळ्यात मी पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. एका वळणावर पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही. धाडकन आवाज झाला. पण गाडी नीट चालत होती, म्हणून मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुसताना पुढच्या टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा आलेला दिसला. मला मात्र काळजी नव्हती. गाडीच्या विम्यासोबत मी टायर संरक्षणाचे जादा पैसे भरलेले होते. जवळच्या दुकानात जाऊन टायर बदलला, जुना तिथेच टाकला आणि बिल घेऊन विमा कंपनीकडे गेलो. तिथे पहिलाच प्रश्न आला, ‘‘जुना टायर कुठे आहे?’’ टायर नव्हता, फोटो नव्हता, कंपनीला आधी कळवलेलेही नव्हते. दावा नामंजूर झाला. चूक माझीच होती. ज्या कागदावर मी सही केली होती, तो वाचलाच नव्हता.

हा कागद आपल्यापैकी अनेकांपुढे येतो. नवी गाडी घेताना शोरूममध्ये पेढे वाटले जात असतात, घरची मंडळी फोटो काढत असतात आणि त्याच गडबडीत ‘टायर आणि रिमचे संरक्षणही घेऊन टाका’ असे सांगितले जाते. ते घ्यावे का, हे ठरवण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न : आपल्या नेहमीच्या विम्यात काय मिळते? खासगी मोटारीच्या सर्वंकष पॉलिसीत सर्वसाधारण नियम असा, की फक्त टायरचेच नुकसान झाले तर काही मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचेही नुकसान झाले असेल, तर नव्या टायरच्या किमतीच्या जास्तीत जास्त ५० टक्के मिळतात. ‘झीरो डेप्रिसिएशन’ घेतले म्हणजे टायरही आले, असा अनेकांचा समज असतो. पण त्या कलमातून टायर बहुधा वगळलेले असतात. आणि ज्यांच्याकडे फक्त थर्ड पार्टी विमा आहे, त्यांना स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे काहीच मिळत नाही. म्हणजे खड्ड्याने आलेला फुगा हा नेहमीच्या विम्याच्या बाहेरचा खर्च आहे. टायर संरक्षण विकले जाते ते याच मोकळ्या जागेसाठी.

दुसरा प्रश्न : या संरक्षणात काय मिळत नाही? सहसा फुगा येणे, टायर फुटणे, कडेला चीर पडणे यांचा त्यात समावेश असतो. साधे पंक्चर, रोजची झीज, व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचा खर्च बहुधा नसतो. रिमचा समावेश आहे की नाही, हे वेगळे विचारावे लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, भरपाई पुष्कळदा टायरवर उरलेल्या नक्षीच्या खोलीवरून ठरते. नक्षी जितकी झिजलेली, तितके पैसे कमी. कारच्या टायरच्या खाचांमध्ये १.६ मिलिमीटर उंचीच्या खुणा असतात. नक्षी त्या खुणांपर्यंत घासली, की टायर बदलायलाच हवा. मग भरपाईचीही आशा धरू नये.

शोरूमची स्वतःची योजना आणि विमा कंपनीचे जोड-कलम यांतही फरक आहे. पैसे कोण देणार, दुसऱ्या गावात टायर फुटला तर काय करायचे आणि दावा केल्यावर नो क्लेम बोनस राहतो का, हे लेखी घ्यावे. हा बोनस दावा न केलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के असतो आणि वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. एका टायरसाठी तो घालवणे परवडत नाही.

तिसरा प्रश्न : हे नुकसान आपण स्वतः सोसू शकतो का? एक हिशेब करून पाहू. समजा, एक टायर ८ हजारांना मिळतो आणि संरक्षणाला वर्षाला २ हजार लागतात. दोन वर्षांत आपण ४ हजार भरले. तेव्हा एक टायर फुटला आणि झिजेमुळे निम्मी भरपाई मिळाली, तर हातात ४ हजारच येतात. जेवढे दिले तेवढेच परत. टायर फुटला नाही, तर तेही नाही. अशा गाडीसाठी तेच २ हजार दरवर्षी बाजूला ठेवलेले बरे.

पण समजा, गाडीला १८ हजारांचा टायर आणि १५ हजारांचे अलॉय व्हील आहे. एका खड्ड्यात ३३ हजारांचा फटका बसू शकतो. तेव्हा वर्षाला ४ हजार देणे शहाणपणाचे ठरू शकते, अर्थात रिमचाही समावेश असेल तर.

आपली गाडी कोणत्या गटात बसते, हे टायरवरच लिहिलेले असते. १८५/६५ आर १५ याचा अर्थ टायर १८५ मिलिमीटर रुंद आणि त्याच्या बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. २०५/४५ आर १७ असेल, तर ती उंची सुमारे ९२ मिलिमीटरच. खड्ड्याची धार आणि रिम यांच्यामध्ये रबराची ही बाजू चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि तिथे फुगा येतो. बाजू जितकी बुटकी, तितका हा धोका जास्त. हवा कमी असेल तर तो आणखी वाढतो.

फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. तो भर वेगात फुटू शकतो. संरक्षण असो वा नसो, पैशांसाठी तो तसाच चालवत राहू नका. आणि संरक्षण असेल, तर आधी फोटो काढा, कंपनीला कळवा, त्यांची पाहणी होईपर्यंत जुना टायर जपून ठेवा. गाडीत स्टेपनी असते ती याच वेळेसाठी.

साधी गाडी आणि बरे रस्ते असतील, तर दर पंधरा दिवसांनी टायर थंड असताना हवा तपासणे हेच स्वस्त संरक्षण आहे. महागडी चाके आणि रोजचा खराब रस्ता असेल, तर योजना जरूर घ्या. पण कागद घरी आणून, शांतपणे वाचून. पेढा खाताना सही करू नका.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)