दूरध्वनीवरील वैद्यकीय सल्ला : जुन्या श्वसनविकाराच्या रुग्णाची पूर्वतयारी

दिवाळी सरते, पहाटेचा गारठा वाढू लागतो, खळ्यावर मळणीची धूळ उडते आणि गावोगाव ओसरीवरच्या खोकल्याला जोर चढतो. ग्रामीण भागात या खोकल्याला आणि त्यासोबतच्या धापेला सरसकट ‘दमा’ असे एकच नाव दिले जाते. वैद्यकशास्त्र मात्र यात भेद करते. दम्याचा झटका येतो आणि जातो. मधल्या काळात रुग्णाचा श्वास बहुधा मोकळा असतो. चाळिशीनंतर हळूहळू जडणारा, वर्षागणिक वाढत जाणारा आणि श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा जो विकार, त्यास सी. ओ. पी. डी. म्हणजे दीर्घकालीन श्वासमार्ग-अवरोध असे म्हणतात. स्पायरोमेट्री नावाच्या फुंकण्याच्या चाचणीत, श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही, जोराने सोडलेल्या एकूण श्वासापैकी पहिल्या सेकंदात बाहेर पडणारा भाग ७० टक्क्यांहून कमी भरला, तर या विकाराचे निदान पक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२१ साली या विकाराने जगात सुमारे ३५ लाख माणसे दगावली. मृत्यूच्या कारणांत त्याचा क्रमांक चौथा होता.

विडी-सिगारेट हे त्याचे ठळक कारण होय. परंतु एकमेव नव्हे. जन्मभर लाकूडफाटा आणि गोवऱ्यांच्या चुलीपुढे बसलेल्या स्त्रिया, दगडखाणीत व खडी केंद्रांवर राबलेले मजूर, क्षयरोगातून बरे झालेले परंतु फुप्फुसावर व्रण राहिलेले लोक, या सर्वांना तो जडतो. स्वयंपाकाचा गॅस २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर पुष्कळ घरांत पोहोचला, ही चांगली गोष्ट झाली. तथापि तीस-चाळीस वर्षे ओढलेला धूर सिलिंडर आल्याने छातीतून निघून जात नाही.

अशा रुग्णास वरचेवर डॉक्टरांचा सल्ला लागतो आणि नेमके त्यालाच प्रवास झेपत नाही. एस. टी. च्या थांब्यापर्यंत चालणे हेच ज्याला संकट, त्याने तालुक्याच्या गावी जाऊन बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभे राहावे, ही अपेक्षा अवघड आहे. म्हणून दूरध्वनीवरील सल्ल्याचे महत्त्व वाढले आहे. केंद्र शासनाने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली आणि अशा सल्ल्याला स्पष्ट नियमांची चौकट मिळाली. ‘ई-संजीवनी’ ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये आरोग्य केंद्रांसाठी सुरू झाली होती. १३ एप्रिल २०२० पासून नागरिकांना घरबसल्या डॉक्टरांशी संपर्क साधण्याचीही सोय झाली.

ही कल्पना तशी नवी नाही. टेलिफोनच्या शोधाला तीन वर्षे होतात न होतात तोच, १८७९ साली, लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक मजकूर आला होता. एका डॉक्टरने मध्यरात्री टेलिफोनवरून मुलाचा खोकला ऐकला आणि तो घटसर्पासारखा घातक खोकला नव्हे, असा निर्वाळा दिला. म्हणजे टेलिफोनवरून डॉक्टरांच्या कानी पडलेल्या पहिल्या गोष्टींत खोकला होता!

आत्याबाईंचा फोन

येथे प्रस्तुत लेखकाच्या घरातील एक प्रसंग सांगणे अप्रस्तुत ठरू नये. लेखकाच्या आत्याने आयुष्यात विडी ओढली नाही. चूल मात्र पन्नास वर्षे फुंकली. दोन वर्षांपूर्वी पौषातल्या थंडीत त्यांची धाप वाढली. चुलतभावाने डॉक्टरांना फोन लावला व ‘आईला जरा दम लागतोय, खोकल्याचं औषध सांगा’, असे सांगितले. डॉक्टर म्हणाले, ‘फोन आईंकडे द्या.’ आत्याबाईंनी फोन घेतला आणि जुन्या वळणाप्रमाणे डॉक्टरांना त्रास नको म्हणून ‘बरी आहे हो मी’ असेच म्हटले. पण हे चार शब्द म्हणताना त्या मध्ये एकदा थांबल्या होत्या. डॉक्टरांनी पुढे दोन प्रश्न विचारले, प्रत्येक उत्तर तुटक आले. त्यांनी औषध सांगितले नाही; १०८ ला फोन करा, असे सांगितले. आत्याबाई सहा दिवस रुग्णालयात होत्या आणि चालत घरी आल्या.

चुलतभावाने खोटे काही सांगितले नव्हते. परंतु ‘जरा दम लागतो’ या वाक्याने डॉक्टरांना काहीच कळत नव्हते आणि जे कळायचे ते आत्याबाईंच्या श्वासाने सांगितले. फोनवर डॉक्टरांच्या हाती नाडी नसते, छातीवर स्टेथोस्कोप नसतो, ओठांचा रंग दिसत नाही. त्यांच्यापाशी दोनच साधने उरतात : रुग्णाचा आवाज आणि रुग्णाच्या घराने करून ठेवलेली तयारी. म्हणून पहिली गोष्ट अशी की, बोलणे शक्य असेल तोवर रुग्णाने स्वतः बोलावे. मुलाने, सुनेने शेजारी बसावे, विसरलेले सुचवावे. पण उत्तरे आपल्या हाती घेऊ नयेत. स्त्री रुग्णांच्या बाबतीत हे विशेष आग्रहाने सांगावे लागते. आपल्याकडे सासूचे दुखणे मुलगा सांगतो, सुनेचे नवरा सांगतो, आणि जिचे दुखणे असते ती दाराआड उभी असते.

फोन करण्यापूर्वी

दुसरी गोष्ट म्हणजे तुलना. जुन्या श्वसनविकाराच्या रुग्णाला धाप ही रोजचीच असते. डॉक्टरांना जाणून घ्यायचे असते ते, नेहमीपेक्षा किती वाढली. याचे उत्तर ‘खूप’ किंवा ‘थोडी’ या शब्दांत देता येत नाही, रोजच्या कामांत देता येते. सपाट रस्त्याने आपल्या वयाच्या माणसाबरोबर चालताना मागे पडतो काय? शंभर मीटरवर, म्हणजे साधारण शाळेच्या मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, गेल्यावर थांबावे लागते काय? अंगात सदरा घालताना, लुगडे नेसतानाच दम भरतो काय? डॉक्टर धापेची जी पायरी ठरवतात ती अशाच प्रश्नांवरून. ‘मागच्या महिन्यात मारुतीच्या देवळापर्यंत न थांबता जात होतो, परवापासून अंगणातच बसावे लागते’, हे एक वाक्य पाच मिनिटांच्या तक्रारीपेक्षा अधिक सांगून जाते.

तीच गोष्ट बेडक्याची. सुशिक्षित मंडळींना हा विषय संकोचाचा वाटतो; पण कफ नेहमीपेक्षा वाढला आहे काय आणि पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झाला आहे काय, हे डॉक्टर हटकून विचारतील. धाप वाढणे, कफाचे प्रमाण वाढणे आणि कफ पुवासारखा होणे, या तीन खुणांवरून प्रतिजैविकाची गरज ठरविण्याची पद्धत कॅनडातील संशोधकांनी १९८७ साली मांडली आणि ती अद्याप उपयोगी पडते. तेव्हा फोनच्या दिवशी सकाळी कफाचा रंग पाहून ठेवावा. कफात रक्त दिसले तर ते पहिल्याच वाक्यात सांगावे.

आता औषधांकडे वळू. ‘एक निळा पंप आहे आणि एक गुलाबी गोळी’, असे वर्णन फोनवर निरुपयोगी ठरते. रंग कंपनीगणिक बदलतात. घरातील सर्व औषधे एका ताटात काढून ठेवावीत आणि वेष्टनावरील नाव व मात्रा वाचून दाखवावी. जुना केसपेपर, मागची चिठ्ठी, एक्स-रे व स्पायरोमेट्रीचा कागद जवळ असावा. श्वासावाटे घ्यावयाचे औषध प्रत्यक्षात कसे घेतले जाते, हेही प्रामाणिकपणे सांगावे. पंप हलवून न घेणे, दाबणे आणि श्वास ओढणे यांचा मेळ न बसणे, औषध ओढल्यावर श्वास क्षणभर रोखून न धरणे, या चुका सर्रास होतात. यंत्रात घालून ओढावयाची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्णही असतात. औषध ‘लागू पडत नाही’ अशा तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथेच असते. दिवसातून किती वेळा आराम देणारा पंप लागतो, रात्री किती वेळा लागतो, हा आकडा लिहून ठेवावा.

छातीशी ज्यांचा संबंध नाही असे वाटते ती औषधेही सांगावीत. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालावयाच्या काही थेंबांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी श्वासनलिका आकुंचन पावू शकतात. झोप लागत नाही म्हणून शेजाऱ्याची झोपेची गोळी घेणे तर या रुग्णांना धोक्याचे. तिने श्वसन मंदावते. मधुमेह असेल तर तो आवर्जून सांगावा, कारण धापेसाठी दिल्या जाणाऱ्या स्टेरॉईडने रक्तातील साखर वाढते. बाजारच्या दिवशी कोणी पुडी बांधून दिली असेल आणि तिने चमत्कार झाल्यासारखे वाटले असेल, तर तेही लपवू नये. डॉक्टर रागावतील ही भीती बाळगून माहिती दडविण्यात नुकसान आपलेच आहे.

ज्यांच्या घरी पल्स ऑक्सिमीटर आहे त्यांनी फोनपूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसून मोजणी करावी. बोट उबदार हवे, नखाला रंग किंवा ताजी मेंदी नको. आकडा स्थिर होईपर्यंत निदान अर्धा-एक मिनिट थांबावे. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी प्रत्यक्षाहून थोडा अधिक आकडा दाखवते, हेही ध्यानात असावे. एकट्या आकड्याला मात्र फारसा अर्थ नसतो. ज्याचा नेहमीचा आकडा ९१ त्याचे आजचे ९० आणि ज्याचा नेहमीचा ९७ त्याचे आजचे ९०, या दोन वेगळ्या कथा आहेत. म्हणून बरे असतानाचा आकडा वहीत टिपलेला असावा. घरी ऑक्सिजन लावणाऱ्यांनी आकडा कमी दिसला म्हणून स्वतःच्या मनाने प्रवाह वाढवू नये. या विकाराच्या काही रुग्णांत जादा ऑक्सिजनाने रक्तातील कर्बवायू साचून गुंगी येते. म्हणूनच अशांसाठी डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ एवढीच मर्यादा राखतात. यंत्र नसल्यास खंत करू नये. रुग्ण शांत बसला असता, त्याला न सांगता, पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजावेत. एका दमात किती आकडे म्हणता येतात अशी परीक्षा २०२० च्या साथीत घरोघर चालली होती; ती भरवशाची नाही.

फोन करीत बसू नये अशी वेळ

ओठ किंवा जीभ निळसर पडणे, एक वाक्यही पुरे न करता येणे, गुंगी येणे किंवा बोलणे असंबद्ध होणे, छातीत दुखणे, अचानक सुरू झालेली धाप, आराम देणारा पंप घेऊनही उतार न पडणे, या प्रसंगी सल्ल्याच्या फोनची वाट पाहू नये. १०८ क्रमांक फिरवावा. राज्यात ही विनामूल्य रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. एकाएकी शांत झालेला रुग्ण बरा झाला असे समजू नये. दमलेला रुग्णही शांत होतो. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला नवा खोकला, वजन घटणे, सायंकाळचा ताप असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन थुंकीची मोफत तपासणी करून घ्यावी, कारण क्षयरोग फोनवर ओळखता येत नाही. विकाराचे पहिले निदानही प्रत्यक्ष तपासणीनेच व्हावे. मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ज्या डॉक्टरांनी रुग्णास मागील सहा महिन्यांत त्याच विकारासाठी प्रत्यक्ष तपासले आहे, त्यांचा सल्ला हा पाठपुरावा धरला जातो व औषधयोजनेत त्यांना अधिक मोकळीक असते. डॉक्टरांनी ‘समक्ष या’ म्हटल्यास ती टाळाटाळ समजू नये. तसे सांगण्याचा त्यांना अधिकार आहे आणि प्रसंगी ते कर्तव्यही आहे.

गावाने काय करावे

सह्याद्रीच्या कुशीतील वाड्यांत किंवा मेळघाटात फोनला रेंज मिळते ती एखाद्या टेकाडावर. धापेच्या रुग्णाला टेकाडावर चढवून सल्ला घ्यावयास लावणे हास्यास्पद होय. अशा ठिकाणी उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यामार्फत ‘ई-संजीवनी’वर डॉक्टरांशी संपर्क साधता येतो आणि तेथे नाडी, रक्तदाब मोजूनही मिळतो. ग्रामपंचायतीने एवढे पाहावे की, उपकेंद्राची वीज व जोडणी चालू आहे, तेथे बसावयास बाक आहे आणि वाडीतील रुग्णास आणण्याची कोणावर तरी जबाबदारी आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा औषधांचा कागद शिक्षकांनी किंवा वरच्या वर्गातील मुलामुलींनी लिहून द्यावा. हे काम पंधरा मिनिटांचे आहे. ‘आशा’ कार्यकर्तीला गावातील असे रुग्ण बहुधा ठाऊक असतात. थंडीच्या आरंभी तिच्याकडून यादी घेतली तर वेळ वाचेल.

ठरल्या वेळी फोनची बॅटरी भरलेली असावी, दूरदर्शन संच बंद असावा आणि अनोळखी क्रमांकावरून आलेला फोनही उचलावा. डॉक्टरांचा फोन पुष्कळदा अशाच क्रमांकावरून येतो. आपल्याला विचारावयाचे दोन-तीन प्रश्न कागदाच्या माथ्यावर लिहावेत, नाही तर ते फोन ठेवल्यावर आठवतात. डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा लिहून घेऊन त्यांना परत वाचून दाखवावी : कोणते औषध, दिवसातून किती वेळा, किती दिवस. फोनवर ‘दोन’ आणि ‘दहा’ यांची गल्लत होण्यास वेळ लागत नाही. मोबाइलवर आलेल्या चिठ्ठीवर डॉक्टरांचे नाव व नोंदणी क्रमांक आहे ना, हे औषधाच्या दुकानात जाण्यापूर्वी पाहावे. आणि किती दिवसांत उतार न पडल्यास पुन्हा फोन करावयाचा हे विचारून, ती तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहून ठेवावी. आत्याबाईंच्या घरी आता त्या चौकटीत तारखेशेजारी ऑक्सिजनाचा आकडाही असतो. तो त्यांची नात, इयत्ता सहावी, रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी लिहिते.