मणक्याची शस्त्रक्रिया आणि रक्ताच्या गुठळीचा धोका

वजन कमी करण्यासाठी पूर्वी जठराची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या व्यक्तीवर पुढे मणक्याच्या शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. वजन उतरलेले असल्याने जुन्या शस्त्रक्रियेचा उल्लेख करण्याची गरज वाटत नाही. तो उल्लेख का आवश्यक आहे, हे आम्ही येथे सोप्या भाषेत सांगत आहोत.

शिरेत गुठळी होण्याची कारणे मुख्यतः तीन : रक्तप्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या आतील अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो यांच्या नावाने ही त्रयी ओळखली जाते. मणक्याच्या शस्त्रक्रियेत रुग्ण बराच वेळ निश्चल असतो. नंतरही चालणे कमी होते. पोटरीचे स्नायू हलले नाहीत तर पायातील रक्त वर ढकलले जात नाही. तेथे झालेली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, तर प्राणावर बेतते.

जठराच्या जुन्या शस्त्रक्रियेमुळे गुठळी होतेच, असे मात्र नाही. उलट वजन घटल्याने लठ्ठपणाचा धोका कमी होतो. पण काहींचे वजन पुन्हा वाढते. काहींच्या शरीरात ब-१२ जीवनसत्त्व व फॉलिक आम्ल कमी पडते. त्यामुळे रक्तात होमोसिस्टीन वाढते आणि त्याचा गुठळीशी संबंध आढळतो. शिवाय अन्नमार्ग बदललेला असल्यास पोटात घेतलेली काही औषधे नेहमीप्रमाणे शोषली जात नाहीत. गोळी द्यावी की इंजेक्शन, हे ठरवताना डॉक्टरांना ही माहिती लागते.

रक्त गोठू न देणारे औषध लगेच का देत नाहीत, असा प्रश्न नातेवाईक विचारतात. मणक्याजवळ रक्तस्राव होऊन मज्जारज्जूवर दाब आला, तर पाय लुळे पडू शकतात. म्हणून औषधाची वेळ डॉक्टर तोलून ठरवतात. तोपर्यंत पायांना घट्ट मोजे, हवेच्या दाबाचे पट्टे आणि परवानगी मिळताच चालणे, हे उपाय असतात.

वाचकांनी एवढे करावे : जुन्या शस्त्रक्रियेचे कागद दाखवावेत, पूर्वी गुठळी झाली असल्यास सांगावे, औषधे स्वतःहून सुरू अथवा बंद करू नयेत. घरी आल्यावरही काही आठवडे धोका राहतो. एका पायाला सूज, पोटरीत दुखणे, अचानक धाप, छातीत कळ किंवा खोकल्यातून रक्त, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.